आंतरवासिता परगावी : नियम, मार्ग आणि आपले कर्तव्य

आयुर्वेदाचार्य पदवीच्या अंतिम व्यावसायिक परीक्षेचा निकाल जाहीर झाला की हदगाव, तामसा, निवघा, हिमायतनगर या परिसरातील वैद्यांकडे एक विचारणा हमखास येते. पुणे, नाशिक, अहिल्यानगर अथवा सांगलीकडे शिकत असलेला मुलगा वा मुलगी, सोबत वडील, आणि प्रश्न एकच : “वर्षभराची आंतरवासिता आपल्याकडे करता येईल का?” उलट दिशेनेही हाच प्रश्न येतो. नांदेड वा लातूर येथे शिकलेल्या विद्यार्थ्यास पंचकर्म किंवा शल्यकर्म पाहण्यासाठी मोठ्या शहरात जावयाचे असते. आपण सर्वजण या प्रश्नास आपापल्या आठवणीतून उत्तर देतो. आपल्या वेळी जे चालले ते आजही चालेल, असे आपण गृहीत धरतो. मात्र मध्यंतरी कायदा बदलला, विनियम बदलले, प्रवेशाची पद्धतही बदलली. सबब या विषयाची सविस्तर मांडणी वैद्यबंधू-भगिनींपुढे तसेच औषधालये व रसशाळा चालविणाऱ्या सभासदांपुढे करावी, असे आम्हांस वाटले.

हा प्रश्न पूर्वीही होता, परंतु अलीकडे तो वाढला आहे. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांतील ७०:३० ही प्रादेशिक विभागणी शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केली. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास राज्यात कोठेही गुणवत्तेवर जागा मिळावी, ही मागणी त्यामागे होती आणि ती न्याय्यच होती. तिचा स्वाभाविक परिणाम असा की, आपल्या भागातील मुले आता अधिक दूरवर विखुरली आहेत. साडेचार वर्षे वसतिगृहाचा, भोजनालयाचा व प्रवासाचा खर्च सोसलेल्या सोयाबीन-कापूस उत्पादक कुटुंबास उरलेले एक वर्ष तरी मुलाने घरी राहून काढावे असे वाटणे समजण्यासारखे आहे. त्यात गैर काही नाही. ते वर्ष कोठे आणि कसे जाते, एवढाच विचार करावयाचा आहे.

‘वैकल्पिक’ या शब्दाविषयीचा गैरसमज

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांतील वैद्यकीय विद्यार्थी ‘इलेक्टिव्ह’ म्हणून काही आठवडे दुसऱ्या गावच्या वा दुसऱ्या देशाच्या रुग्णालयात जातात. हे ऐकून-वाचून आपल्याकडील पालकही विचारतात, “आता आयुर्वेदातही इलेक्टिव्ह आले आहे ना? मग मुलीला तीन महिने केरळात पाठविता येईल?” याचे उत्तर नकारार्थी आहे.

भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने २०२२ मध्ये आयुर्वेद पदवी शिक्षणाचे किमान मानक विनियम प्रसिद्ध केले आणि ते २०२१–२२ या शैक्षणिक वर्षापासूनच्या तुकड्यांस लागू केले. त्यांत वैकल्पिक विषयांची तरतूद आहे हे खरे. प्रत्येक व्यावसायिक वर्षात किमान तीन, म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमात किमान नऊ वैकल्पिक विषय विद्यार्थ्याने उत्तीर्ण करावयाचे असतात. प्रत्येक विषय पंचेचाळीस तासांचा व पाच भागांत विभागलेला असतो. तथापि हे विषय ऑनलाइन शिकविले जातात. संलग्न शास्त्रांची ओळख व्हावी, हा त्यांचा उद्देश होय. रुग्णालय बदलण्याची मुभा त्यांतून मिळत नाही. घरापासून दूर जाऊन प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याची खरी संधी आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास आंतरवासितेच्या वर्षातच मिळते. म्हणून त्या वर्षाचे नियम नीट समजून घेतले पाहिजेत.

कोणत्या विद्यार्थ्यास कोणते विनियम लागू, हे त्याच्या प्रवेशाच्या वर्षावरून ठरते. २०२१–२२ पूर्वी प्रवेश घेतलेल्यांस तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचे विनियम लागू राहतात. ती परिषद आज अस्तित्वात नाही. १९७० च्या अधिनियमाची जागा २०२० च्या अधिनियमाने घेतली आणि आयोगाचा कारभार जून २०२१ पासून सुरू झाला. सुदैवाने आंतरवासितेची मूळ चौकट दोन्हींत सारखीच आहे.

वर्षाची विभागणी

एक वर्षाच्या आंतरवासितेचे सर्वसाधारणपणे दोन समान भाग होतात. सहा महिने महाविद्यालयाशी संलग्न आयुर्वेद रुग्णालयात : कायचिकित्सा, शल्य, शालाक्य, प्रसूतितंत्र व स्त्रीरोग, कौमारभृत्य, पंचकर्म असा क्रम. उरलेले सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अथवा अशाच मान्य शासकीय रुग्णालयात. नव्या विनियमांत राष्ट्रीय मानांकन (एनएबीएच) असलेल्या खासगी आयुर्वेद रुग्णालयाचाही पर्याय आहे. जेथे असे बाहेरचे ठिकाण उपलब्ध नसेल तेथे बाराही महिने आयुर्वेद रुग्णालयातच काढण्याची सोय आहे.

नव्या विनियमांनुसार नियमित तुकडीची आंतरवासिता एप्रिलच्या आणि पुरवणी तुकडीची ऑक्टोबरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सुरू व्हावयाची आहे. वर्षभरात बारा दिवसांची रजा मिळते. त्याहून अधिक गैरहजेरी झाली तर तितके दिवस आंतरवासिता पुढे वाढते. नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. आणि हे सर्व सुरू करण्याआधी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन या परिषदेकडे हंगामी नोंदणी झालेली असली पाहिजे. हंगामी नोंदणी आणि कायम नोंदणी यांतील भेद आपणांपैकी काहीजण विसरतात. त्याविषयी पुढे लिहितो.

दोन निरनिराळ्या वाटा

परगावी आंतरवासिता करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, याच्या दोन वाटा आहेत. त्यांची सरमिसळ झाली की विद्यार्थी अडचणीत येतो.

पहिली वाट म्हणजे महाविद्यालयच बदलणे, अर्थात आंतरवासितेचे स्थलांतर. उदाहरणार्थ, पुण्याच्या महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात येणे. दोन्ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथे दोन्ही महाविद्यालयांची संमती लागते. विद्यापीठ निराळे असेल तर दोन्ही महाविद्यालयांबरोबर विद्यापीठांचीही संमती लागते. आपला जिल्हा तेलंगणाच्या सीमेवर आहे. किनवट, बिलोली, देगलूरकडील काही मुले पलीकडे शिकतात. त्यांना ही दुसरी, लांबची वाट चालावी लागते. चारित्र्य प्रमाणपत्र, महाविद्यालयामार्फत पाठविलेला अर्ज आणि ना-हरकत पत्र ही कागदपत्रे दोन्ही प्रकारांत आवश्यक आहेत. येणाऱ्या विद्यार्थ्यास जागा देणे वा न देणे हे स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाच्या क्षमतेवर अवलंबून असते. तो विद्यार्थ्याचा हक्क नाही, हे पालकांस स्पष्ट सांगावे.

दुसरी वाट अधिक सोपी आणि आमच्या मते अधिकांस पुरेशी आहे. महाविद्यालय तेच ठेवावयाचे, आयुर्वेद रुग्णालयातील सहा महिने तेथेच पूर्ण करावयाचे आणि केवळ बाहेरचे सहा महिने आपल्या गावाजवळच्या मान्य शासकीय रुग्णालयात मागावयाचे. हदगाव तालुक्यातील विद्यार्थ्यास त्यासाठी हदगावचे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रेही आहेत. मात्र येथे एक प्रशासकीय बाब ध्यानात ठेवावी. उपजिल्हा रुग्णालय व ग्रामीण रुग्णालय ही जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. प्राथमिक आरोग्य केंद्र मात्र जिल्हा परिषदेचे. त्याचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. दोन्ही कार्यालये नांदेड शहरातच असली तरी कारभार भिन्न. एका कार्यालयाचे पत्र घेऊन दुसऱ्याच्या दवाखान्यात गेलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांचे आठ-दहा दिवस फुकट गेले.

पैनगंगेच्या काठच्या गावांची अडचण आणखी निराळी. नदी ओलांडली की उमरखेड. तेथील रुग्णालय अनेकांना हदगावपेक्षा जवळचे. परंतु तो यवतमाळ जिल्हा आहे. शल्य चिकित्सक वेगळे, आरोग्य सेवेचे मंडळ वेगळे. नांदेड जिल्हा लातूर मंडळात मोडतो. तेव्हा ‘पूल ओलांडला की झाले’ असे समजून चालणार नाही. अर्ज यवतमाळलाच करावा लागेल.

तारखांचा प्रश्न

नियम कळले तरी व्यवहारात घोटाळा होतो तो तारखांचा. येथे एक उदाहरण देणे उपयुक्त ठरेल. आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातील रुग्णालयात ‘तोंडी परवानगी’वर काम सुरू केले. काम तिने प्रामाणिकपणे केले : बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, प्रसूतिगृहातील रात्रपाळी. महाविद्यालयाचे पत्र मात्र चाळीस दिवसांनी आले, आणि त्यावर नंतरची तारीख होती. ते चाळीस दिवस धरले गेले नाहीत. पुन्हा चाळीस दिवस काढावे लागले. तोवर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी आंतरवासिता पूर्ण करण्याची जी अंतिम तारीख त्या वर्षी ठरलेली होती ती उलटून गेली, आणि मुलीचे एक वर्ष गेले. आयुष पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा २०१७ पासून घेतली जाते व तिच्या माहितीपुस्तिकेत दरवर्षी ही तारीख दिलेली असते. ज्यांस पुढे शिकावयाचे आहे त्यांनी आंतरवासितेचे ठिकाण ठरविण्यापूर्वीच ती तारीख पाहून ठेवावी.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम बाहेरच्या रुग्णालयाच्या वरिष्ठ कार्यालयाकडून जागा उपलब्ध असल्याचे पत्र, मग त्या आधारे आपल्या महाविद्यालयाकडे अर्ज, महाविद्यालयाचा लेखी आदेश, कार्यमुक्ती, आणि शेवटी रुजू अहवाल, ज्याची आवक-क्रमांक घातलेली प्रत विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवावी. कार्यमुक्तीचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस यांत प्रवासापुरतेच अंतर असावे. सहा महिन्यांच्या अखेरीस वैद्यकीय अधीक्षकांचे पूर्तता प्रमाणपत्र घेताना ‘पासून-पर्यंत’च्या तारखा आदेशाशी जुळतात की नाही, हे तेथेच उभे राहून तपासावे. बदली झालेल्या अधीक्षकांस शोधत फिरण्याची वेळ नंतर अनेकांवर येते.

विद्यावेतनाचा प्रश्नही आधी लेखी सोडवावा. महाविद्यालय बदलून येणाऱ्याकडून ‘विद्यावेतन मागणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतल्याचे आमच्या पाहण्यात आहे. बाहेरच्या रुग्णालयात प्रशिक्षणाचे काही शुल्क आकारले जाते का, हेही अर्जाच्या वेळीच विचारून घ्यावे.

कोणते सहा महिने?

या बाबीकडे कोणाचेच लक्ष जात नाही, आणि आम्हांस मात्र ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बाहेरचे सहा महिने वर्षाच्या पूर्वार्धात घ्यावेत की उत्तरार्धात? बहुतेक विद्यार्थी महाविद्यालय म्हणेल तसे जातात. काही तुकड्या आधी, काही नंतर. निवड करण्याची संधी असेल तर ती ऋतू पाहून करावी, एवढे तरी आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास सांगावे लागू नये.

एप्रिलपासून सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याने पूर्वार्ध आपल्या भागात काढला तर त्यास काय पाहावयास मिळते? वैशाखातील उष्माघात. मृगाचा पाऊस पडताच अतिसार आणि कावीळ. पेरणी-कोळपणीच्या दिवसांत सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्या देशात वापरले जाणारे बहुसंयोजी प्रतिविष या चार सापांच्या विषावरच काम करते; ते केव्हा द्यावे, किती द्यावे, त्याची प्रतिक्रिया आली तर काय करावे, हे ग्रंथ वाचून येत नाही. श्रावण-भाद्रपदात कपाशीवरील फवारणी सुरू होते. २०१७ च्या खरिपात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाच्या बाहुल्या, लाळ, घाम आणि श्वास पाहून पहिल्या काही मिनिटांत काय ठरवावयाचे, हे ज्याने एकदा वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून पाहिले, तो पुढे आपल्या खेडेगावच्या दवाखान्यात बसला असता वेळ न दवडता रुग्ण पुढे पाठवितो. अगदतंत्राचा हा जिवंत पाठ होय.

उत्तरार्धात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चमध्ये, चित्र बदलते. श्वास-कासाचे रुग्ण, ऊसतोडीला जाणाऱ्या व परतणाऱ्या कुटुंबांतील गर्भवतींचे प्रश्न, हळद शिजविण्याच्या हंगामात कढईजवळ भाजलेले मजूर. तेही शिकण्यासारखेच. परंतु ज्यास आपल्याच तालुक्यात व्यवसाय करावयाचा आहे त्याने शक्य तर पावसाळा चुकवू नये, असे आमचे मत आहे.

ग्रामीण आरोग्य केंद्रातील काम म्हणजे शिक्षा, अशी भावना शहरातील विद्यार्थ्यांत दिसते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण येथे आठवते. ते मूळचे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील देहेडचे. १९७६ मध्ये घरापासून दूर, कोकणात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नाडीची, रक्तदाबाची व हृदयाची बारकाईने नोंद ठेवण्याचा त्यांचा परिपाठ पुढे प्राझोसिनच्या उपचारापर्यंत पोहोचला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणावर घटले. २०२२ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. ते आधुनिक वैद्यकाचे पदवीधर, हा भाग वेगळा. छोट्या दवाखान्यात रोजची नोंदवही नीट लिहिली तर काय घडू शकते, हे त्यांच्या कामातून दिसते.

हजेरीपटावरची आंतरवासिता

आता एका अप्रिय विषयाकडे वळावे लागते. घराजवळ आंतरवासिता मागण्यामागे प्रत्येकाचा हेतू शिकण्याचा नसतो, हे आपण जाणतो. नाव रुग्णालयाच्या हजेरीपटावर, विद्यार्थी मात्र प्रवेश परीक्षेच्या शिकवणीस लातूर वा पुण्यास. किंवा एखाद्या शहरातील खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी डॉक्टर म्हणून. महिन्याच्या अखेरीस येऊन सह्या. ही पद्धत कोठे आहे आणि कोठे नाही याची यादी करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु आपल्यापैकी कोणी ओळखीच्या बळावर अशी सोय लावून देत असेल, तर आपण त्या मुलावर उपकार करीत आहोत असा त्याने समज करून घेऊ नये.

यात नुकसान कोणाचे होते? शासकीय सेवेत आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करीत आहेत. आरोग्यवर्धिनी केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने नेमले गेले आहेत. तेथे पहिल्याच आठवड्यात रात्री अडलेली बाळंतीण दारात येते. तेव्हा सहा महिन्यांचे कागदी प्रमाणपत्र कामास येत नाही. अशा एका प्रसंगाची बातमी झाली की तिचा बोल आयुर्वेदाच्या संपूर्ण पदवीला लागतो, आणि वीस-वीस वर्षे प्रामाणिकपणे व्यवसाय केलेल्या वैद्यालाही त्याचे उत्तर द्यावे लागते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय अध्याय आहे. भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा, केसाळ चामड्यावर लेखनाचा, मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचे देठ यांवर वेधनाचा सराव त्यात सांगितला आहे. त्याच्या लगेच पुढचा अध्याय विशिखानुप्रवेशनीय, म्हणजे व्यवसायाच्या वाटेवर पाऊल टाकण्याविषयीचा. शास्त्र शिकलेला, कर्म पाहिलेला, हाताने सराव केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला वैद्यच त्या वाटेवर जाण्यास पात्र मानला आहे. अध्यायांचा हा क्रम योगायोगाने लागलेला नाही. आजची हंगामी नोंदणी, आंतरवासिता आणि त्यानंतरची कायम नोंदणी ही त्याच क्रमाची आधुनिक मांडणी आहे. मधली पायरी गाळली तर अनुज्ञेला अर्थ उरत नाही.

आपल्या दवाखान्यात आलेला आंतरवासी

रुग्णालयातील आठ तासांचे काम संपल्यावर सायंकाळी एखाद्या ज्येष्ठ वैद्याच्या दवाखान्यात बसण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ती टिकली पाहिजे. नाडी, जिव्हा, रुग्णाशी बोलण्याची रीत, पथ्य कसे सांगावे, फी कोणाकडून घेऊ नये, हे सर्व तेथेच कळते. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात.

आपल्या दवाखान्यातील उपस्थिती आंतरवासितेच्या काळात गणली जात नाही. तेव्हा तसे भासेल असे प्रमाणपत्र देऊ नये. ‘अमुक काळ सायंकाळी निरीक्षणार्थ उपस्थित’ एवढेच लिहावे. दुसरे, हंगामी नोंदणी असलेल्याने स्वतंत्रपणे रुग्ण तपासणे, औषधपत्र लिहिणे, वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करणे हे त्याच्या अधिकारात येत नाही. आपण लग्नकार्यास गेलो असता त्यास खुर्चीवर बसवून जाणे हे त्याच्या आणि आपल्या दोघांच्या नोंदणीस धोक्याचे आहे. आणि तिसरे, त्यास बिनपगारी कंपाउंडर समजू नये. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे प्राप्त आहे.

बाहेरगावच्या मुलींची राहण्याची सोय हा खरा अडथळा आहे. नांदेडहून रोज एस.टी.ने ये-जा करणे पावसाळ्यात, विशेषतः रात्रपाळीच्या दिवशी, अशक्य होते. परिणामी चांगल्या मुली हदगाव-हिमायतनगरकडील जागा नाकारतात आणि शहरालगतच्या केंद्रावर गर्दी होते. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी वरच्या मजल्यावर खोली रिकामी असते. तालुका पातळीवर दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये अशा चार-पाच खात्रीच्या खोल्यांची आणि डबा देणाऱ्या घरांची यादी करून ती वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात ठेवली तर बराच फरक पडेल. यासाठी ना ठराव लागतो ना निधी.

औषधालये व रसशाळांसाठी

औषधनिर्मात्यांचा या विषयाशी काय संबंध, असे काहींना वाटेल. संबंध निकटचा आहे. आजचा आंतरवासी उद्या औषधपत्र लिहिणार आहे. अशोकाची साल म्हणून आसोपालवाची साल बाजारात येते, हे ज्याने दोन्ही साली शेजारी ठेवून पाहिले नाहीत तो औषधाचा गुण आला नाही म्हणून कंपनी बदलत राहतो. रास्ना, नागकेशर यांच्या नावाखाली काय काय विकले जाते, हे आपल्या दुकानातील पोते उघडून दाखविण्यास अर्धा तास पुरतो. चूर्ण, वटी, आसव-अरिष्ट यांना औषध नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये निरनिराळ्या मुदती आहेत. वेष्टनावर ती कोठे पाहावी, मूळ डबा फोडून पुड्या बांधल्यावर काय होते, हेही दाखवावे.

ज्यांच्याकडे निर्मितीचा परवाना आहे त्यांनी अनुसूची ‘टी’तील उत्तम निर्मिती पद्धतीच्या अटी म्हणजे नेमके काय, कच्च्या मालाची नोंदवही कशी असते, भट्टीचा विभाग वेगळा का, हे एका दिवसात समजावून द्यावे. वझिराबाद, नांदेड येथील महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांस शहरातील शासकीय रसशाळाही पाहता येते. तशी विनंती महाविद्यालयामार्फत करावी. अशी भेट आंतरवासितेच्या दिवसांत धरली जाईल असे मात्र गृहीत धरू नये. महाविद्यालयाने आदेश काढला तर ठीक. अन्यथा सुटीच्या दिवशी बोलवावे.

ज्या सभासदांची आधुनिक औषधांचीही परवानाधारक दुकाने आहेत त्यांच्याकडे औषधनिर्माणशास्त्र पदविकेचे प्रशिक्षणार्थी येतात. त्यांचे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत मिळून किमान पाचशे तासांचे, आणि त्यांपैकी निम्मे तास प्रत्यक्ष औषधपत्रावरून औषध देण्यात गेले पाहिजेत. सहीपुरते येणाऱ्यांबद्दल वर जे लिहिले ते त्यांनाही तंतोतंत लागू आहे.

राज्याबाहेर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

जामनगर, जयपूर, दिल्ली, किंवा गोव्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ही नावे विद्यार्थ्यांना खुणावतात. कोट्टक्कलचे आकर्षण तर जुनेच. आंतरवासितेच्या मधोमध पंधरा दिवस तेथे ‘जाऊन येणे’ हे बारा दिवसांच्या रजेच्या हिशेबात बसत नाही. पूर्ण स्थलांतर करावयाचे तर दोन विद्यापीठांच्या संमतीस लागणारा वेळ पाहता अंतिम परीक्षेपूर्वीच चौकशी सुरू करावी लागेल.

आमचा सल्ला विचाराल तर आंतरवासिता आपल्या राज्यात, शक्यतो ग्रामीण रुग्णालयात पूर्ण करावी आणि गुरुकुलाची ओढ त्यानंतर भागवावी. त्यासाठी नवी दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पदवीधरांस गुरुशिष्य परंपरेनुसार एक वर्ष देशातील नामवंत वैद्यांच्या सान्निध्यात ठेवते व त्या काळात विद्यावेतनही देते. तेथे निवड व्हावयाची तर आंतरवासिता पूर्ण झालेली आणि कायम नोंदणी हाती असलेली बरी.

जाता जाता एक नोंद. आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांसाठी २०२१ मध्ये आलेल्या आंतरवासिता विनियमांत भारतीय चिकित्सा पद्धतीच्या एका विषयासाठी एक आठवडा ठेवलेला आहे. म्हणजे आपली मुले त्यांच्या रुग्णालयात सहा महिने जातात, तशी त्यांचीही आठवडाभर आपल्याकडे येऊ शकतात. एखाद्या जिज्ञासू एम.बी.बी.एस. आंतरवासीने सुटीच्या दिवशी आपल्या पंचकर्म केंद्राचे दार ठोठावले, तर त्यास बस्तीची तयारी, स्नेहाची मात्रा आणि रुग्णाची आठ दिवसांची लेखी नोंद दाखविता येईल अशी कागदपत्रे आपल्याजवळ असावीत. अनेक केंद्रांत ती नाहीत. येत्या एप्रिलच्या तुकडीपूर्वी ती सुरू करता येतील. साधी रेघांची वही पुरते.